मेडिकल ऑक्टोबर २०२४ पर्यंत, उड्डाण जानेवारी २०२३ पर्यंत: एका हौशी वैमानिकाचं प्रकरण

हे प्रकरण न्यूजर्सीतल्या आमच्या फ्लाइंग क्लबमधलं आहे. ज्याचं आहे त्याच्या परवानगीनं लिहितोय. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. इथे त्याला मंदार म्हणू. मी स्वतः हौशी वैमानिक आहे आणि क्लबातल्या सभासदांची कागदपत्रं मुदतीत आहेत ना, हे पाहायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. नोकरीनिमित्त अमेरिकेत येऊन तिशी-चाळिशीत विमान शिकायला लागलेली चार-पाच मराठी माणसं माझ्या ओळखीतच आहेत. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मेडिकलला, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय दाखल्याला, किती पैसे पडतात आणि ते किती वर्षं चालतं? मंदारनंही हेच विचारलं होतं आणि मी दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. त्या अपुरेपणाचा त्रास पुढे त्याला झाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

मंदार पार्ल्याचा. जुहूच्या धावपट्टीवरून उठणारी फ्लाइंग क्लबची छोटी विमानं गच्चीवरून बघत मोठा झालेला. पुढे इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर, एच-१बी, लग्न, मुलगी या सगळ्यात ते राहून गेलं. २०१९ मध्ये, चाळिशी तोंडावर आल्यावर, त्यानं शिकायचं नक्की केलं.

अमेरिकेत इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असेल तर शिकणाऱ्याला मेडिकल लागत नाही. पहिलं एकट्यानं उड्डाण करायच्या आधी मात्र लागतं, आणि हौशी वैमानिकासाठी ते एफएएचं, म्हणजे अमेरिकेतल्या हवाई वाहतूक नियामक खात्याचं, थर्ड क्लास मेडिकल असतं. मी सगळ्यांना सांगतो तेच त्यालाही सांगितलं: शिकण्यावर हजारो डॉलर घालण्याआधी मेडिकल हातात घे. नंतर काही निघालं तर पैसे गेले आणि मनही मोडलं.

पद्धत अशी आहे. मेडएक्सप्रेस या एफएएच्या संकेतस्थळावर आपण आपला इतिहास भरायचा: आजार, औषधं, गेल्या तीन वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे कशासाठी गेलो ते सगळं. मग एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. तो घेऊन एफएएनं नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. या डॉक्टरांना सगळे एएमई म्हणतात. डोळे, कान, रक्तदाब, लघवीत साखर किंवा प्रथिनं आहेत का, अशी तपासणी होते आणि सगळं ठीक असेल तर तिथल्या तिथे दाखला छापून मिळतो. फी एफएए ठरवत नाही, ज्याची त्याची वेगळी असते. आरोग्य विम्यातून ती सहसा मिळत नाही. मंदारला १४० डॉलर पडले.

मुदतीचा नियम तपासणीच्या दिवशी तुमचं वय किती आहे यावर चालतो. वय चाळीसच्या आत असेल तर ६० महिने, चाळीस पूर्ण झाली असतील तर २४ महिने, आणि दोन्हीकडे शेवटच्या महिन्याची अखेर धरायची. मंदारचा वाढदिवस ९ नोव्हेंबर. त्यानं एएमईची वेळ घेतली होती १४ नोव्हेंबरची. मी म्हटलं, "वाढदिवसाच्या आधी उरकून टाक." त्यानं ती २२ ऑक्टोबर २०१९ वर आणली. नोव्हेंबरमध्ये गेला असता तर मेडिकल नोव्हेंबर २०२१ अखेर संपलं असतं. आता ते ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालणार होतं. फी तीच, मुदत जवळपास तीन वर्षांनी जास्त.

सल्ला योग्यच होता. पण त्यामुळे ३१ ऑक्टोबर २०२४ ही तारीख त्याच्या डोक्यात पक्की बसली. गंमत अशी, की ही तारीख त्या दाखल्यावर कुठेच छापलेली नसते. दाखल्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग असतो. चष्म्याची अट असेल तर ती असते, आणि तपासणीची तारीख असते. मुदत आपणच नियम वाचून मोजायची. मंदारनं ती मोजली, पिवळ्या चिठ्ठीवर लिहिली आणि लॉगबुकच्या पहिल्या पानावर चिकटवली.

परदेशी नागरिकाला शिकण्यासाठी लागणारी टीएसए या सुरक्षा खात्याची परवानगी, कोविडमुळे पडलेला खंड, सगळं पार करून सप्टेंबर २०२१ मध्ये तो परीक्षा पास झाला. क्लबच्या सेसना १७२ मधून तो महिन्याला तीन-चार तास उडत असे.

अडचण

जानेवारी २०२३ मध्ये मंदार नेहमीच्या वार्षिक तपासणीला गेला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ निघाली. डॉक्टरांनी टाइप २ मधुमेह सांगितला, आहार-व्यायाम समजावला आणि मेटफॉर्मिन लिहून दिली. २० जानेवारीपासून गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला, तो म्हणाला सॉफ्टवेअर. विमान चालवता का, असं कोण विचारणार?

४ फेब्रुवारीला तो मुलीला घेऊन केप मे गावापर्यंत जाऊन आला. हवा स्वच्छ होती, उड्डाण उत्तम झालं. पुढच्या गुरुवारी हँगरमध्ये चहा घेताना मी साखर पुढे केली, तर तो म्हणाला, "नको दादा, आता बंद. गोळी चालू झालीय."

मी कप खाली ठेवला. "मेडिकलचं काय केलंस?"

"ते आहे की. ऑक्टोबर चोवीसपर्यंत."

या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. एफएएच्या नियमावलीतलं कलम ६१.५३ सांगतं की मेडिकल हातात असलं तरी, त्या मेडिकलच्या निकषांत न बसणारा आजार आपल्याला आहे हे कळल्या क्षणापासून वैमानिकानं विमानाची जबाबदारी घ्यायची नाही. आणि थर्ड क्लासच्या निकषांत स्पष्ट लिहिलंय की इन्सुलिन किंवा साखर कमी करणारं दुसरं कुठलंही औषध लागणारा मधुमेह नसावा. नुसता मधुमेह, तोही पथ्यावर ताब्यात असलेला, हा मुद्दा वेगळा. गोळी सुरू झाली की गोष्ट बदलते. म्हणजे मंदारचं मेडिकल कागदोपत्री एकवीस महिने शिल्लक होतं, पण ते वापरायचा हक्क २० जानेवारीलाच थांबला होता. कोणी पत्र पाठवलं नाही, कोणी फोन केला नाही. पाठवणारही नव्हतं, कारण कोणाला माहीतच नव्हतं. हा नियम वैमानिकानं स्वतःच स्वतःला लावायचा असतो.

त्याला हे ऐकून धक्का बसला तो मुलीमुळे. "ती शेजारी बसली होती, दादा," एवढंच म्हणाला. मेटफॉर्मिनच्या एका गोळीवर माणसाची साखर हवेत अचानक ढासळण्याची शक्यता फार कमी असते, हे मीही जाणून होतो आणि तोही. पण काही झालं असतं तर? बहुतेक विमा पॉलिसींमध्ये वैमानिकाचं मेडिकल वैध असण्याची अट असते. धक्का नुसता धावपट्टीच्या दिव्याला लागला असता तरी दाव्याचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

पहिला निर्णय: झालेल्या उड्डाणाचं काय करायचं

गप्प बसणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. क्लबातल्या एका जुन्या सभासदानं तोच सुचवला, मनापासून, मदत म्हणून. पण मंदारला ते पटलं नाही.

अमेरिकेत नासा चालवत असलेली एक व्यवस्था आहे, एएसआरएस नावाची. १९७६ पासून ती चालू आहे. वैमानिकानं आपल्या हातून घडलेली चूक तिथे स्वतःहून कळवायची. चूक नकळत झालेली असेल आणि दहा दिवसांत कळवलेली असेल, तर पुढे कारवाई झालीच तरी दंडातून सहसा सूट मिळते. अहवालातून नाव काढून टाकतात आणि माहिती सगळ्यांच्या शिकण्यासाठी वापरतात. मंदारनं ११ फेब्रुवारीला, म्हणजे सातव्या दिवशी, अहवाल भरला. काही आठवड्यांनी पोचपावतीची पट्टी टपालानं आली. वैद्यकीय पात्रतेच्या बाबतीत ही ढाल कितपत टिकेल हा वकिलाचा विषय आहे आणि त्याला अपवाद आहेत. तरीही मला वाटतं हे करणं योग्यच होतं. त्याच रात्री त्यानं लॉगबुकमधल्या ४ फेब्रुवारीच्या नोंदीसमोर पेन्सिलीनं एक छोटी खूण केली. ती अजून तिथे आहे.

पुढचे पर्याय

पुढचे दोन आठवडे आम्ही फोनवर आणि हँगरमध्ये हेच बोलत होतो.

पहिला पर्याय थर्ड क्लासच पुन्हा काढण्याचा. औषधावरच्या मधुमेहाला एफएए कायमचं नाही म्हणत नाही. स्पेशल इश्युअन्स नावाची वाट आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा अहवाल, ताजी सरासरी साखर, डोळे, हृदय, मज्जातंतूंवर परिणाम झालेला नाही याची माहिती, हे सगळं द्यायचं. पहिल्या वेळी एएमई स्वतः दाखला देत नाही, फाइल ओक्लाहोमा सिटीला, एफएएच्या वैद्यकीय कार्यालयात जाते आणि उत्तराला महिनोन्महिने लागू शकतात. मंजुरी आली की पुढे बहुधा दर वर्षी अहवाल. म्हणजे ज्याचं मेडिकल पाच वर्षं चालत होतं त्याची मुदत वर्षावर येते, आणि दर खेपेला एएमईची फी, डॉक्टरांचा अहवाल आणि रक्ततपासणी आली.

दुसरा बेसिकमेड, म्हणजे एफएएच्या मेडिकलऐवजी साध्या डॉक्टरच्या तपासणीवर उडायची सोय. अमेरिकी संसदेनं २०१६ मध्ये कायदा केला आणि १ मे २०१७ पासून ही सोय सुरू झाली. १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एकदा एफएएचं मेडिकल मिळालेलं असलं पाहिजे, शेवटचा अर्ज नाकारलेला नसला पाहिजे आणि अमेरिकेतला मोटार चालवण्याचा परवाना चालू असला पाहिजे. मग कुठल्याही परवानाधारक डॉक्टरकडून दर ४८ महिन्यांनी एफएएच्या तक्त्याप्रमाणे तपासणी करून घ्यायची आणि दर २४ महिन्यांनी एक ऑनलाइन कोर्स करायचा. एओपीए या वैमानिकांच्या संघटनेचा कोर्स फुकट आहे. काही आजारांसाठी, उदाहरणार्थ हृदयविकाराचा झटका, अपस्मार किंवा काही मानसिक आजार, आधी एकदा स्पेशल इश्युअन्स घ्यावंच लागतं. मधुमेह त्या यादीत नाही. त्या वेळी मर्यादा सहा आसनं, ६,००० पौंड वजन, १८,००० फुटांखाली आणि २५० नॉट्सपर्यंत अशी होती. आमची सेसना चार आसनांची आणि अडीच हजार पौंडांच्या आसपासची, त्यामुळे ती आरामात बसत होती.

मंदारला एक शंका होती आणि ती रास्त होती. जो आजार थर्ड क्लासला चालत नाही तो बेसिकमेडला कसा चालतो? ही पळवाट तर नाही? फरक निकषात आहे. मेडिकलवर उडणाऱ्याला ६१.५३ विचारतं, तू दाखल्याच्या निकषांत बसतोस का? बेसिकमेडवर उडणाऱ्याला तेच कलम विचारतं, या आजारासह तू विमान सुरक्षित चालवू शकतोस का? त्याचं उत्तर डॉक्टर आणि वैमानिक मिळून देतात आणि दोघंही त्यावर सही करतात. मला ही पळवाट वाटत नाही, जबाबदारी जवळ आणून ठेवलेली वाटते. पण ज्याला स्वतःशी खोटं बोलायची सवय आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

तिसरा पर्याय स्पोर्ट पायलट म्हणून उडण्याचा. त्याला मोटारीचा परवाना पुरतो. पण २०२३ मध्ये ती सवलत १,३२० पौंडांपर्यंतच्या दोन आसनी हलक्या विमानांपुरतीच होती आणि आमच्या क्लबात तसं विमान नव्हतं. तिघांच्या कुटुंबाला ते उपयोगाचंही नव्हतं.

चौथा पर्याय कोणी उघड बोलत नाही, पण असतो: फॉर्ममध्ये आजार लिहायचाच नाही. त्या फॉर्मवरच इशारा छापलेला आहे की खोटी माहिती दिल्यास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तर आणखीही बरंच गमवायचं असतं. याच्यावर आम्ही एक मिनिटही घालवला नाही.

दुसरा निर्णय: नंबर द्यायचा की नाही

मंदारचा पहिला कल सरळ मेडएक्सप्रेस भरून एएमईकडे जाण्याचा होता. "जे आहे ते सांगतो, बघू काय म्हणतात." प्रामाणिक माणसाला हेच सुचतं. मी त्याला थांबवलं.

मेडएक्सप्रेसचा फॉर्म आपण भरला तरी तो अर्ज ठरत नाही. एएमईनं कन्फर्मेशन नंबर टाकून तो उघडला की अर्ज सुरू होतो, आणि मग त्याला दोनच शेवट असतात: दाखला किंवा नकार. फाइल ओक्लाहोमाला गेली, तिकडून कागद मागवले आणि आपण वेळेत दिले नाहीत, तरी शेवटी नकारच येतो. शेवटचा अर्ज नाकारलेला असला की बेसिकमेड बंद, आणि मोटारीच्या परवान्यावर स्पोर्ट पायलट म्हणून उडणंही बंद. नंबर देण्याच्या एका कृतीनं तीन दारं एकदम लागू शकतात.

म्हणून तो एएमईकडे गेला तो फक्त सल्ल्यासाठी. फॉर्मची छापील प्रत, रक्ताचे अहवाल, गोळीचं नाव आणि डोस सोबत, नंबर घरी. सल्ल्याचे ७५ डॉलर पडले. डॉक्टरांनी अर्धा तास कागद पाहिले आणि सांगितलं की स्पेशल इश्युअन्स मिळायला अडचण दिसत नाही, पण एवढ्याशा उडण्यासाठी बेसिकमेड पुरेल. माझ्या मते या प्रकरणातले सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

मंदारनं बेसिकमेड निवडलं. साखर आधी ताब्यात यावी म्हणून तीन महिने थांबायचं त्यानं स्वतः ठरवलं, नियमात तशी अट नसताना. हाताची सवय जाऊ नये म्हणून त्या काळात तो इन्स्ट्रक्टरसोबत उडत राहिला, जबाबदारी इन्स्ट्रक्टरची.

तपासणीची वणवण

हा भाग सोपा जाईल असं वाटलं होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला, शेवटचं सहीचं वाक्य दोनदा वाचलं आणि नम्रपणे नकार दिला. विमानाबद्दल सही करायला त्यांच्या दवाखान्याचा विमा परवानगी देत नाही म्हणाले. आणखी दोन ठिकाणी तेच उत्तर मिळालं. हे बऱ्याच वैमानिकांच्या वाट्याला येतं, आणि डॉक्टरांचीही मी चूक मानत नाही. त्यांच्यापुढे हा कागद आयुष्यात पहिल्यांदा येत असतो.

मग कोणीतरी ट्रकचालकांची तपासणी करणारं एक क्लिनिक सुचवलं. स्वागतकक्षातून उत्तर आलं, हो, वैमानिकांचंही करतो. तपासणी छान झाली, ११० डॉलर दिले. रात्री मंदार कोर्स करायला बसला. कोर्सच्या शेवटी डॉक्टरांचं नाव, परवाना क्रमांक आणि तपासणीची तारीख भरावी लागते. त्यानं शिक्का नीट पाहिला आणि मला फोटो पाठवला. नावापुढे एपीएन. म्हणजे सही प्रगत परिचारिकेची होती. ट्रकचालकाच्या दाखल्यावर ती चालते. बेसिकमेडला परवानाधारक डॉक्टरच लागतो. ते ११० डॉलर पाण्यात गेले. फोन करताना एवढा एकच प्रश्न विचारायचा राहिला होता: सही कोणाची असेल?

शेवटी दुसऱ्या एका दवाखान्यात, स्वतः छोटं विमान उडवणारे एक डॉक्टर भेटले. १६ मे २०२३ ला १३० डॉलरमध्ये तपासणी झाली. त्यांनी तक्त्यातली एकेक ओळ डोक्यापासून पायापर्यंत बोटानं पुढे सरकत तपासली. पावलांवर ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) धरून कंप जाणवतो का ते पाहिलं, कारण मधुमेहात पायाची संवेदना आधी जाते आणि विमानात रडर (शेपटीवरचं सुकाणू) पायानंच चालतो. तोवर साखर ६.७ वर आली होती. २० मे ला कोर्स झाला आणि तक्ता लॉगबुकात गेला. तो एफएएला पाठवायचा नसतो. मागितला तर दाखवायचा असतो.

हिशेब मांडला तर २०२३ मध्ये सल्ला, वाया गेलेली तपासणी आणि खरी तपासणी मिळून ३१५ डॉलर झाले. इन्स्ट्रक्टरसोबतच्या सहा तासांचे त्याच्या मानधनापोटी ३९० डॉलर, विमानाचं भाडं वेगळं. मेडिकलला किती पडतात, या प्रश्नाला आता मी फीचा आकडा सांगून थांबत नाही.

ज्याचा विचारच केला नव्हता

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग सप्टेंबर २०२४ आला.

न्यूजर्सीत एच-१बीवर राहणाऱ्याचा मोटारीचा परवाना व्हिसाच्या मुदतीला बांधलेला असतो. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या प्रत्येक भारतीयाला हे ठाऊक आहे. मंदारची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. कंपनीनं मुदतवाढीचा अर्ज वेळेत टाकला होता, त्यामुळे नोकरी चालू ठेवता येत होती. तशी २४० दिवसांची सवलत आहे. पण मंजुरीचं पत्र आलं नव्हतं आणि हातातला परवाना ३० तारखेला संपला. बायकोचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीचा असल्यानं तिचा परवाना चालू होता. ती त्याला स्टेशनवर सोडायला लागली. मोटारीची सोय अशी झाली.

बेसिकमेड मोटारीच्या परवान्यावर उभं आहे हे आम्ही दोघांनीही २०२३ मध्ये वाचलं होतं. वाचलं, मान डोलावली आणि पुढे गेलो. परवाना काय, आहेच की! प्रकृती उत्तम, तपासणी मुदतीत, कोर्स मुदतीत, आणि तरीही १ ऑक्टोबरपासून तो जमिनीवर. शरद ऋतूत न्यूजर्सीची झाडं वरून बघण्यासारखी असतात, नेमके तेच आठवडे गेले. पंधरा कामाच्या दिवसांत निकाल देणारं प्रीमियम प्रोसेसिंग होतं, त्याची फी तेव्हा २,८०५ डॉलर. कंपनीला गरज नव्हती आणि विमानासाठी तिच्याकडे ते मागणं मंदारला योग्य वाटलं नाही. मंजुरी १९ नोव्हेंबरला आली, परवाना २२ ला.

स्पेशल इश्युअन्स घेतलं असतं तर हे आठवडे वाचले असते, कारण मेडिकलला मोटारीच्या परवान्याचा आधार लागत नाही. पर्याय तोलताना आम्ही फी, वेळ, कटकट हे सगळं पाहिलं. त्याचं इथलं राहणंच तारखांवर आहे, हे तागडीत घातलं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या वैमानिकासाठी लिहिलेली माहिती आपण जशीच्या तशी उचलली की असं होतं.

निष्पत्ती

मंदार आज उडतोय. सरासरी साखर ६.४ वर आहे. मे २०२५ मध्ये आणखी एक प्रसंग थोडक्यात टळला. तपासणी १६ मे २०२७ पर्यंत, म्हणून तो निर्धास्त होता. पण कोर्सचे २४ महिने मे २०२५ अखेर संपत होते. माझ्या क्लबच्या तक्त्यात मेडिकलची मुदत असा एकच रकाना होता आणि त्यात मी २०२७ लिहून ठेवलं होतं. ही चूक माझी. २८ मे ला जुने कागद चाळताना लक्षात आलं आणि त्यानं त्याच रात्री कोर्स केला. दोन मुदती मोजायची पद्धतही वेगळी आहे: कोर्सची महिनाअखेरपर्यंत, तपासणीची मात्र तारखेला तारीख.

नियमही मध्यंतरी बदलले. नोव्हेंबर २०२४ पासून बेसिकमेडची मर्यादा सात आसनं आणि १२,५०० पौंड झाली. ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटनाही चार आसनी विमान चालवता येतं, पण सोबत एकच प्रवासी. आज हे प्रकरण घडलं असतं तर तिसरा पर्याय आम्ही इतक्या पटकन बाजूला सारला नसता, जरी तोही त्याच मोटारीच्या परवान्यावर टांगलेला असला तरी.

पुन्हा वेळ आली तर

२०१९ मध्ये मी त्याला साठ महिने सांगितले, तेव्हाच ६१.५३ सांगायला हवं होतं. आता नव्या सभासदाला मी मुदत सांगतो ती "तोपर्यंत, किंवा नवं निदान, नवं औषध, शस्त्रक्रिया, यातलं जे आधी येईल तोपर्यंत" अशी. आणि नेहमीच्या डॉक्टरांना आपण विमान चालवतो हे आवर्जून सांगून ठेवायला सांगतो, त्यांच्या फाइलमध्ये लिहून घ्यायला सांगतो.

बेसिकमेड निवडणं चुकलं असं मंदारला वाटत नाही, मलाही नाही. पण व्हिसावर असलेल्या माणसानं मुदतवाढीच्या सहा महिने आधी मोटारीच्या परवान्याची ही अट आठवायला हवी. त्याचा पुढचा पेच वेगळा आहे. आई-वडील थकलेत, दोन-तीन वर्षांत मुंबईला परतायचा विचार आहे. भारतात हौशी वैमानिकालाही डीजीसीएचं क्लास २ मेडिकल लागतं, बेसिकमेडचा तिथे उपयोग नाही. परतण्याआधी इथे स्पेशल इश्युअन्स घेऊन मधुमेहासह उडल्याचा नीट कागदोपत्री इतिहास तयार करावा, की उगाच नकाराचा धोका पत्करू नये, यावर आमचं अजून एकमत नाही. मी घ्यावं म्हणतो. तो म्हणतो, बघू, मे सत्तावीसच्या तपासणीआधी ठरवू.

लॉगबुकच्या पहिल्या पानावरची पिवळी चिठ्ठी त्यानं काढून टाकलीय. तिथे आता चार ओळी आहेत, पेन्सिलीनं: तपासणी, कोर्स, मोटारीचा परवाना, व्हिसा. पाचवी ओळ त्यानं गेल्या महिन्यात घातली: औषधांत बदल. तिच्यापुढे तारखेची जागा कोरी आहे.